मेक्सिकोची नटी डोलोरेस देल रिओ

मेक्सिको देशाच्या उत्तर भागांत दुरांगो नांवाचें एक जुनें शहर आहे. या शहरांत ता. ३ ऑगस्ट १९०४ रोजीं एका पेढीच्या प्रमुखाच्या घरीं एक कन्या जन्मास आली. मारिया दे लोस डोलोरेस असुन्सोलो इ लोपेस नेग्रेते हें तिचें पूर्ण नांव. स्पॅनिश चालीप्रमाणें त्यांत पित्याचें व मातेचें अशीं दोन्ही कुळनामें येतात, म्हणून तें इतकें लांबलें आहे. 'डोलोरेस' या शब्दाचा अर्थ 'दुःखें' असा असून ख्रिस्तमातेच्या दुःखांवरून मुलींना तें नांव ठेवण्याची त्या देशांत रूढी आहे. हीच मुलगी पुढें डोलोरेस देल रिओ या नांवानें जगभर प्रसिद्धीस आली. 'देल रिओ' हें तिला सासरकडून मिळालेलें नांव. लग्नाची गांठ सुटली तरी तें तिनें टाकलें नाहीं.

तिच्या चरित्राचें मर्म ध्यानांत येण्यास तो देश त्या काळीं कसा होता हें थोडें सांगितलें पाहिजे. स्पेननें १५२१ सालीं मेक्सिको जिंकला व तीनशें वर्षें तेथें राज्य केलें. १८२१ सालीं देश स्वतंत्र झाला. परंतु स्वातंत्र्य आलें तरी जमीन जेथें होती तेथेंच राहिली. मोठमोठ्या जहागिरी मूठभर घराण्यांच्या हातीं होत्या, आणि त्या कसणारे लोक बहुतेक तेथील मूळचे रहिवासी अथवा मिश्र रक्ताचे होते. या मूळच्या लोकांस तिकडे 'इंडियन' म्हणतात. कोलंबसाच्या एका भौगोलिक घोटाळ्यामुळें आपल्या देशाचें नांव त्या बिचाऱ्यांस चिकटलें, तें अजून सुटलें नाहीं! डोलोरेसचें मातृकुल हें अशाच जुन्या जमीनदार घराण्यांपैकीं होतें. घरीं दासदासी, अंगावर युरोपांतून आलेलीं वस्त्रें, आणि दाराबाहेर अनवाणी चालणारा देश, असें तिचें बालपण होतें.

१९१० सालीं क्रांतीचा वणवा पेटला. पोर्फिरिओ दीआस या सत्ताधीशाचा तीस वर्षांहून अधिक काळ चाललेला अंमल कोसळला, आणि पांचो व्हिलासारख्या पुढाऱ्यांचे स्वार उत्तरेकडील गांवांत संचार करूं लागले. श्रीमंतांच्या घरांवर त्यांची विशेष नजर होती. डोलोरेसचे वडील सरहद्द ओलांडून संयुक्त संस्थानांत निघून गेले. आईनें शेतकरणीचा वेष घेतला, मुलीलाही तसाच घातला, आणि दोघी आगगाडीनें राजधानीकडे पळाल्या, असें सांगतात. शेतकरणीचें वस्त्र त्या मुलीच्या अंगावर प्रथम चढलें तें असें, जीव वाचविण्यासाठीं घेतलेलें सोंग म्हणून. राजधानींत त्या वेळीं अध्यक्षपदीं असलेले मादेरो हे आईचे नातलग होते, त्यांचा या मायलेकींना आधार मिळाला. परंतु मादेरो यांचाही १९१३ सालीं खून झाला. दुरांगोचें वैभव पुन्हां कधीं परत आलें नाहीं.

मुलगी फ्रेंच संन्यासिनींच्या शाळेंत शिकूं लागली. १९१९ सालीं अ‍ॅना पावलोवा ही जगद्विख्यात रशियन नर्तकी मेक्सिकोंत आली. (याच पावलोवानें पुढें १९२३ सालीं लंडनमध्यें उदयशंकर यांस जोडीला घेऊन राधाकृष्णाचें नृत्य रंगभूमीवर आणलें, हें आपल्याकडील रसिकांस ठाऊक आहेच.) मेक्सिकोच्या मुक्कामांत पावलोवानें एक अपूर्व गोष्ट केली. तेथील खेडवळ लोकनृत्य तिनें आत्मसात केलें, मेक्सिकन ग्रामकन्येचा पोशाख चढविला, आणि जें नृत्य गांवकरी टाचा आपटून करीत तें तिनें पायाच्या अंगठ्यांवर उभें राहून करून दाखविलें. बैलांच्या झुंजीच्या विस्तीर्ण मैदानांत हजारों लोकांनीं तिचे कार्यक्रम पाहिले. ज्या नृत्याकडे शहरांतील प्रतिष्ठित मंडळी नाक मुरडून पाहात असत तेंच एका परदेशी बाईनें केल्याबरोबर त्याला मान प्राप्त झाला! असें आपल्याही देशांत झालेलें आहे, म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. या नृत्याचे पडदे व पोशाख अदोल्फो बेस्त मौगार्द नांवाच्या मेक्सिकन चित्रकारानें सजविले होते. हें नांव ध्यानांत ठेवावें, कारण तें पुन्हां येणार आहे.

पावलोवाचें नृत्य डोलोरेसनें पाहिलें आणि आपणही नर्तकी व्हावयाचें असें तिच्या मनानें घेतलें. तिला शिक्षिका मिळाली, पण कुलीन मुलीनें पैसे घेऊन रंगभूमीवर नाचावें ही कल्पना कोणासच मानवणारी नव्हती. १९२१ सालीं, सतरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, हाइमे मार्तिनेस देल रिओ या धनवान व सुशिक्षित गृहस्थाशीं तिचा विवाह झाला. तो वयानें तिच्याहून बराच मोठा, इंग्लंडांत शिकलेला, नाटकांचा शोकी. दोघें दोन वर्षें युरोपांत हिंडलीं. परत आल्यावर हाइमेनें कापसाची शेती केली, भाव कोसळले, आणि संपत्तीला मोठीच ओहोटी लागली.

१९२५ सालीं बेस्त मौगार्द यानें एका अमेरिकन पाहुण्यास त्यांच्या घरीं आणलें. हा पाहुणा म्हणजे एडविन करूवी हा हॉलीवुडचा दिग्दर्शक. त्या संध्याकाळीं हाइमे पियानोवर बसला व डोलोरेसनें नृत्य केलें. करूवीनें तेथेंच तिला चित्रपटांत येण्याचें निमंत्रण दिलें. नातलग संतापले, परंतु हाइमेला स्वतःला चित्रकथा लिहिण्याची हौस होती आणि घरांत पैशाची चणचण होती. त्याच वर्षीं दोघें गाडीनें कॅलिफोर्नियास गेलीं. पतीची एकही कथा पुढें नांवारूपास आली नाहीं. पत्नीची कीर्ति वाढत गेली, तशी दोघांमधील दरीही वाढली. १९२८ सालीं घटस्फोट झाला व त्याच वर्षाच्या अखेरीस हाइमे बर्लिन येथें वारला. या प्रकरणीं दोष कोणाचा याची चर्चा त्या वेळच्या पत्रांनीं भरपूर केली. तिच्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

ते दिवस मूकपटांचे होते. मूकपटाला मातृभाषा नसते. नट कोणत्या देशचा हें त्याच्या बोलण्यावरून उघडकीस येण्याची भीति नसते. नर्तकीच्या दृष्टीनें तर ही पर्वणीच. मान किती वळवावी, हात कोठें थांबवावा, पाऊल केव्हां अडखळवावें, हें ज्ञान डोलोरेसच्या अंगांत मुरलेलें होतें आणि पडद्याला तेवढेंच हवें होतें. १९२६ सालच्या 'व्हॉट प्राइस ग्लोरी' या युद्धपटांत ती फ्रेंच खेड्यांतील मुलगी झाली. १९२७ सालीं टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'मध्यें ती रशियन दासी कात्यूशा झाली. त्या चित्रासाठीं टॉलस्टॉयचे पुत्र इल्या हे सल्लागार होते. त्याच वर्षीं ती स्पेनची जिप्सी कार्मेन झाली, १९२८ सालीं कॅलिफोर्नियांतील अर्धइंडियन रामोना, व १९२९ सालीं कॅनडांतील निर्वासित इव्हॅन्जेलिन. या यादींत तिच्या स्वतःच्या देशची स्त्री कोठें आढळत नाहीं. दहा वर्षांपूर्वीं एका रशियन बाईनें मेक्सिकन शेतकरणीचें रूप घेतलें होतें. आतां एक मेक्सिकन बाई रशियन शेतकरणीचें रूप घेऊन उभी होती!

तोंच पडद्याला वाचा फुटली. मूकपटांतील मोठमोठ्या नटनटींचे धाबे दणाणले, कारण कित्येकांचा आवाज कोणी ऐकलेलाच नव्हता. १९२८ सालच्या मार्च महिन्यांत युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीनें आपल्या नामांकित मंडळींना नभोवाणीच्या ध्वनिक्षेपकापुढें उभें केलें. चॅप्लिन, फेअरबँक्स, बॅरिमोर, ग्लोरिया स्वॅन्सन, दिग्दर्शक ग्रिफिथ अशी थोर मंडळी त्या कार्यक्रमांत होती. यांना बोलतां येतें याची लोकांस खात्री पटवावी हा हेतु. डोलोरेसच्या इंग्रजीवर स्पॅनिशची छाया स्पष्ट होती. परंतु तिनें भाषणाऐवजीं 'रामोना' चित्रांतील गीत गाऊन दाखविलें. ऐकणारे चकित झाले. नभोवाणीनें त्या दिवशीं एका परदेशी नटीला अभय दिलें असें म्हणावयास हरकत नाहीं. (तो 'रामोना' चित्रपट पुढें नष्ट झाला अशीच समजूत होती. बऱ्याच वर्षांनीं त्याची एक प्रत प्राग येथील संग्रहांत सांपडली व तिच्यावरून तो पुन्हां दुरुस्त करण्यांत आला.)

अभय मिळालें, पण भूमिकांचें क्षेत्र आकुंचित झालें. ज्या बाईच्या तोंडीं परकी ढब आहे तिला परकी म्हणूनच उभी करावयाची, असा बोलपटांचा न्याय ठरला. १९३२ साली किंग व्हिडॉर यांच्या 'बर्ड ऑफ पॅरडाइज'मध्यें ती दक्षिण समुद्रांतील बेटावरची राजकन्या झाली. १९३३ सालच्या 'फ्लाइंग डाउन टु रिओ'मध्यें ती ब्राझीलची सुंदरी झाली. या चित्रांत फ्रेड अ‍ॅस्टेअर व जिंजर रॉजर्स ही पुढें अजरामर झालेली जोडी प्रथमच एकत्र आली. जाहिरातींत मात्र सर्वांत वर नांव डोलोरेसचें होतें, आणि अ‍ॅस्टेअरनें तिच्यासमवेतही एक नृत्य केलें आहे. जन्मभर जें नृत्य तिनें जपलें त्याला एवढा श्रेष्ठ जोडीदार दुसरा मिळाला नाहीं.

एकदां तिला मेक्सिकन भूमिकाही मिळाली. १९३२ सालच्या 'गर्ल ऑफ द रिओ'मध्यें सरहद्दीवरील मद्यगृहांत नाचणारी बाई तिनें रंगविली. त्या चित्रांत मेक्सिकोचें जें दर्शन घडविलें होतें तें इतकें हीन होतें कीं, मेक्सिकोच्या सरकारनें त्याचा निषेध केला. आपल्याच देशाच्या अपमानांत आपण भागीदार झालों हें त्या मानी स्त्रीला किती लागलें असेल याची कल्पना करतां येते.

१९३० सालीं तिनें सेड्रिक गिबन्स याच्याशीं दुसरा विवाह केला होता. हा मेट्रो कंपनीचा नेपथ्यप्रमुख. ऑस्कर पारितोषिकाची सुप्रसिद्ध मूर्ति यानेंच कल्पिली. त्या मूर्तीसाठीं पुढें नांवारूपास आलेला मेक्सिकन दिग्दर्शक एमिलिओ फर्नांडेझ यास डोलोरेसनेंच गिबन्सपुढें उभें केलें, अशी एक गोष्ट फार आवडीनें सांगतात. मूर्तीची आकृति १९२८ सालची व हा विवाह १९३० सालचा, हें लक्षांत घेतां ती गोष्ट जपूनच घ्यावी हें बरें.

१९३८ सालीं अमेरिकेंतील चित्रगृहांच्या मालकांच्या एका संघानें, ज्यांच्या नांवावर आतां गर्दी जमत नाहीं अशा तारकांची यादी जाहीर केली. तींत ग्रेटा गार्बो होती, कॅथरिन हेपबर्न होती, अ‍ॅस्टेअरही होता, आणि डोलोरेस देल रिओ होती. १९४१ सालीं दुसरा विवाहही मोडला. ऑर्सन वेल्स या तरुण प्रतिभावंताशीं तिचा कांहीं काळ निकट स्नेह होता, त्याच्या 'जर्नी इन्टु फिअर'मध्यें तिनें कामही केलें. तोही धागा तुटला. चाळिशी जवळ आलेल्या नटीला हॉलीवुडांत पुढें काय वाढून ठेवलेलें असतें हें तिला सांगण्याची जरूरी नव्हती. सतरा वर्षांनंतर, १९४२ सालीं, ती मेक्सिकोंत परत आली.

परत आली तों देश बदललेला होता. क्रांति संपून सत्ता स्थिर झाली होती. जमिनी वांटल्या जात होत्या. दिएगो रिव्हेरा, ओरोस्को आदि चित्रकारांनीं सरकारी इमारतींच्या भिंतींवर शेतकरी व इंडियन यांच्या प्रचंड आकृति रंगविल्या होत्या. (या दोघांनींही डोलोरेसचें चित्र काढलेलें आहे.) ज्यांच्या भीतीनें तिची आई वेष पालटून पळाली तेच लोक आतां राष्ट्राचे नायक ठरले होते. एमिलिओ फर्नांडेझ हा त्यांच्यांतलाच. त्याची आई इंडियन; त्याला लोक 'एल इंडिओ' याच नांवानें ओळखत. तरुणपणीं तो बंडांत सामील झाला, तुरुंगांत पडला, निसटून अमेरिकेंत गेला, आणि हॉलीवुडांत किरकोळ कामें करीत असतां दुरूनच डोलोरेसला पाहात असे. स्वभावानें जमदग्नीचा अवतार. जहागीरदाराच्या कुळांतील बाई आणि क्रांतिकारकाचा मुलगा यांची जोडी आतां चित्रपटासाठीं जमली.

'फ्लोर सिल्वेस्त्रे', म्हणजे 'रानफूल', हें त्यांचें पहिलें चित्र १९४३ सालीं लागलें. एक शेतकरीण मुलगी जमीनदाराच्या मुलाशीं गुपचूप लग्न करते. सासरा त्यांना घराबाहेर काढतो. क्रांति येते व नवऱ्याचा बळी पडतो. म्हातारी झालेली ती स्त्री, सैनिकी गणवेष घातलेल्या आपल्या मुलाला ती जमीन दाखवीत ही कथा सांगते. एकोणचाळिसाव्या वर्षांत डोलोरेस पडद्यावर प्रथमच आपल्या मातृभाषेंत बोलली. खांद्यावरून घेतलेला 'रेबोसो', म्हणजे तिकडील खेडवळ बायकांची ओढणी, दोन वेण्या, साधें लुगडेंवजा वस्त्र, अशा वेषांत ती प्रेक्षकांपुढें आली. बालपणीं जो वेष सोंग म्हणून चढविला होता तोच आतां तिची कला झाला.

दुसरें चित्र 'मारिया कांदेलारिया'. त्याची कथा फर्नांडेझनें उपाहारगृहांतील कागदी रुमालांवर लिहून तिला भेट दिली, असें सांगतात. प्रथम शेतकरीण, आतां इंडियन, आणि तेंही अनवाणी, म्हणून बाईंनीं आधीं कांकूं केलें अशीही आख्यायिका आहे. राजधानीजवळ सोचिमिल्को येथें पाण्यांत तरंगल्यासारख्या दिसणाऱ्या मळ्यांची व कालव्यांची जी वस्ती आहे तेथें ही कथा १९०९ सालीं, क्रांतीच्या आदल्या वर्षीं, घडते. मारिया ही एका बदनाम बाईची मुलगी, म्हणून गांवानें तिला वाळींत टाकलेलें. ती फुलें विकूं पाहाते तर गांवकरी तिची होडी अडवितात. लोरेन्सो राफाएल या तरुणावर तिचें प्रेम. लग्नासाठीं त्यांनीं एक डुकरीचें पिलूं जपलेलें. गांवचा दुकानदार दोन दमड्यांच्या कर्जापायीं त्या पिलावर डोळा ठेवून. मारियाला हिवताप येतो. सरकारनें वांटण्यास पाठविलेलें कोयनेल तो दुकानदार अडवून बसतो. लोरेन्सो तें चोरतो, त्याबरोबर लग्नासाठीं एक झगाही उचलतो, आणि तुरुंगांत जातो. शहरचा एक चित्रकार मारियाचा चेहरा रंगवितो. देह दुसऱ्याच बाईचा, विवस्त्र. गांवकरी तें चित्र पाहातात, मारियाच नग्न बसली असें समजतात, आणि दगडांनीं ठेचून तिचा प्राण घेतात.

हें कथानक सांगतांना भडक वाटेल. परंतु पडद्यावर ते काळे पाणी, उंच वृक्षांच्या रांगा, आणि अथांग पांढऱ्या ढगांखालून चाललेली होडी यांनीं त्याला एक धीरगंभीर लय आणली आहे. हें श्रेय गाब्रिएल फिगेरोआ या छायाचित्रकाराचें. आणि डोलोरेसचें चालणें! ती जवळजवळ बोलतच नाहीं. पाऊल असें टाकते कीं, गांवानें हाकलल्याचें ओझें खांद्यांवरून दिसावें. मूकपटांत मिळविलेली विद्या येथें पूर्णत्वास गेली.

चित्रावर आक्षेपही पुष्कळ आले. मेक्सिकोंतील कांहींना आपलें दारिद्र्य परदेशांत दाखविलें हें रुचलें नाहीं. उलट दुसरे म्हणत, गोऱ्या कुळांतील, हॉलीवुडांत घडलेल्या चेहऱ्याची ही बाई इंडियन कशी शोभेल? हा दुसरा आक्षेप खोडून काढणें कठीण आहे. खऱ्या इंडियन मुलीला त्या काळीं नायिकेचें काम कोणी दिलें नसतें, आणि पडद्यावरील मारियाच्या भुंवया फार रेखीव आहेत. तथापि ज्या वर्गाकडे तिच्या कुळानें पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेंच नव्हतें, त्याच्या दुःखाकडे पाहण्यास तिनें लक्षावधि लोकांना लावलें, हेंही तितकेंच खरें.

१९४६ सालीं फ्रान्समध्यें कान येथें भरलेल्या महोत्सवांत या चित्रास श्रेष्ठ पारितोषिक मिळालें व फिगेरोआचाही गौरव झाला. त्या वर्षीं हें पारितोषिक अकरा चित्रांत विभागून दिलें होतें, आणि त्यांत चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' हा हिंदी चित्रपट होता. एकांत कोयनेल अडविणारा दुकानदार, दुसऱ्यांत गरिबांच्या वस्तीकडे घाण पाण्याचा लोट वळविणारा धनिक. दोन्हींत रोगराई व दोन्हींत असहाय वस्ती. पृथ्वीच्या दोन टोकांच्या या दोन देशांस एकमेकांची फारशी वार्ताही नव्हती.

पुढील वर्षें भरभराटीचीं गेलीं. 'लास आबांदोनादास' या चित्रासाठीं तिला मेक्सिकोचें 'एरिएल' पारितोषिक मिळालें; पुढें 'दोन्या पेर्फेक्ता' (१९५१) व 'एल निन्यो इ ला निएब्ला' (१९५३) यांसाठीं तें पुन्हां लाभलें. जॉन फोर्ड हा नामवंत अमेरिकन दिग्दर्शक मेक्सिकोंत आपलें चित्र घेण्यास आला, तेव्हां त्यानें डोलोरेस, तिचा नेहमींचा नायक पेद्रो आर्मेंदारिस, फिगेरोआ व फर्नांडेझ या सर्वांनाच हाताशीं घेतलें. फर्नांडेझबरोबरचें तिचें जमणें मात्र १९४९ च्या 'ला मालकेरिदा'नंतर संपलें.

१९५४ सालीं 'ब्रोकन लान्स' या चित्रासाठीं हॉलीवुडनें तिला बोलाविलें; पण अमेरिकेच्या सरकारनें प्रवेशाचा परवाना नाकारला. स्पेनच्या यादवींतील निर्वासितांना तिनें साहाय्य केलें, म्हणून तिच्यावर साम्यवादाचा संशय! जहागीरदाराची नात साम्यवादी ठरली. ती भूमिका केटी हुरादो या दुसऱ्या मेक्सिकन नटीस मिळाली व तिला ऑस्करचें नामांकनही लाभलें. दोन वर्षांनीं परवाना मिळाला. त्यानंतर डोलोरेसनें रंगभूमीवर पाऊल ठेवलें, १९५९ सालीं लुईस रायली यांच्याशीं तिसरा विवाह केला, आणि १९६० च्या 'फ्लेमिंग स्टार'मध्यें गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या आईचें काम केलें. ही आईही इंडियनच होती.

शेवटचा चित्रपट १९७८ सालचा, 'द चिल्ड्रन ऑफ सांचेस'. ता. ११ एप्रिल १९८३ रोजीं कॅलिफोर्नियांत न्यूपोर्ट बीच येथें वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं ती वारली. तिच्या अस्थि मेक्सिकोंत आणण्यांत आल्या व पुढें राष्ट्रांतील थोर पुरुष-स्त्रियांसाठीं राखलेल्या जागेंत ठेवण्यांत आल्या. त्या स्मशानभूमीचें नांवही योगायोगानें 'डोलोरेस' असेंच आहे.

तिला मूलबाळ नव्हतें. आयुष्याच्या उत्तरार्धांत तिनें कांहीं मैत्रिणींसह नाट्य-चित्रपटांतील कामकरी बायकांच्या मुलांसाठीं एक संगोपनगृह उभें करण्यास हातभार लावला, आणि १९७० सालापासून दहा-अकरा वर्षें त्याचें अध्यक्षपद सांभाळलें. आई तालमीस अथवा चित्रणास गेली असतां तिचें मूल तेथें दिवसभर सुरक्षित राहावें अशी ती योजना होती. नटीनें पोटच्या पोराला कोठें ठेवून कामास जावें, ही अडचण तिच्याआधीं कोणी मोठीशी मानली नव्हती. तिच्या मृत्यूनंतर त्या संगोपनगृहाला तिचेंच नांव देण्यांत आलें.